टोफू कुणासाठी थांबत नाही

बुद्रो घराण्यात माणूस मोठा झाला की नाही, हे वयावर ठरत नाही. ताटलीवर ठरतं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आपल्या हाताने केलेला एक पदार्थ न्यायचा, आजीच्या मोठ्या टेबलावर ठेवायचा, आणि ताटली चाटूनपुसून रिकामी झाली की आजी म्हणते, "ओढ खुर्ची." झालात मोठे! नाही झाली रिकामी, तर बसा काचेच्या पडवीत, पत्ते खेळायच्या घडीच्या टेबलापाशी, चिल्ल्यापिल्ल्यांच्या पंगतीत.

टिली बुद्रो सोळा वर्षांची झाली तरी पडवीतच होती. तिची उंची बाबांच्या कानाला लागली होती आणि तिचे गुडघे त्या टेबलाखाली मावायचे केव्हाच बंद झाले होते. ती बसली की टेबल उचललं जायचं, आणि टेबल उचललं गेलं की पाच वर्षांच्या चुलतभावाचं, गसचं, दूध सांडायचं. हल्ली गस रडायचाही नाही. टिली बसायला आली की तो आपला पेला आधीच दोन्ही हातांनी वर उचलून धरायचा, एखाद्या मुरलेल्या खलाशासारखा.

थोरली बहीण क्लेअर मात्र चौदाव्या वर्षीच सफरचंदाचा केक करून मोठ्या टेबलावर जाऊन बसली होती. केक संपून पाच वर्षं झाली. केकचा विषय अजून संपला नव्हता.

"या वर्षी काय नेतेयस?" गाडीत क्लेअरने विचारलं. "गेल्या वर्षीसारखी वीट?"

"मसुराचा लोफ होता तो."

"आजोबांनी दाराला अडसर म्हणून मागितला होता गं."

"कौतुकाने मागितला होता!"

"हो ना. अजून आहे तो दाराशी. एक कोपराही झिजलेला नाही."

आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "क्लेअर, पुरे." पण तिचे खांदे हलत होते, आणि ते काही खड्ड्यांमुळे नव्हे.

टिलीने मांडीवरचा एअर फ्रायर तान्ह्या बाळासारखा सावरला. या वर्षीची टिली ही गेल्या वर्षीची टिली नव्हतीच मुळी. वसंतात जत्रेमध्ये एका टर्कीशी तिची नजरानजर झाली होती आणि त्या दिवसापासून तिने मांस सोडलं होतं. सप्टेंबरात शाळेच्या भरल्या सभागृहात उभं राहून तिने बिनमांसाच्या सोमवारावर असं काही भाषण ठोकलं होतं की कँटीनवाल्यांनी तो सुरूच करून टाकला. सोमवारी तिथे दोनच मुलं जेवायची, त्यातली एक टिली, ही गोष्ट अलाहिदा. आणि अख्खा ऑक्टोबर शेजाऱ्यांच्या अंगणातला पाचोळा ओढून तिने हा एअर फ्रायर घेतला होता, आणि त्यात टोफू करकरून घरच्यांच्या नाकी नऊ आणले होते.

पण काय टोफू! आधी दाबून दाबून त्यातलं सगळं पाणी काढायचं. मग चौकोनी तुकडे करून कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवायचे आणि एअर फ्रायरमध्ये सोनेरी होईपर्यंत फिरवायचे. शेवटी पाक चढवायचा: आजोबांच्या झाडांचं मेपल सिरप, सोया सॉस, ठेचलेली लसूण, कुटलेली लाल मिरची. पुन्हा दोन मिनिटं आत. बाहेर येतो तेव्हा असा तकतकीत आणि असा कुर्रमकुर्रम की खाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. फक्त त्याचं राज्य औटघटकेचं. गरम आहे तोवर राजा. जरा गार झाला, पाक मुरला, की तोच टोफू ओल्या मोज्यासारखा लागतो.

आजीला तिने हे फोनवर सांगितलं होतं तेव्हा आजी म्हणाली होती, "टोफू म्हणजे तो पांढरा स्पंज ना? आण. टेबलावर जागा मी देईन. पोटात जागा द्यायची की नाही, ते ज्याचं त्याने बघावं."

आजीचं स्वयंपाकघर थँक्सगिव्हिंगच्या सकाळी म्हणजे बंदर. ओव्हनमध्ये टर्की पहाटेपासून ठाण मांडून. चारही शेगड्यांवर पातेली. लायनेल काका विजेच्या सुरीला धार आहे की नाही ते लांबूनच निरखताहेत, जोॲन काकू ग्रेव्ही ढवळताहेत, आणि मधोमध आजी. आजीचे कुस्करलेले बटाटे अख्ख्या गावात प्रसिद्ध. पिसासारखे हलके, एक गुठळी सापडेल तर शपथ. दरवर्षी तो वाडगा टेबलावर ठेवताना आजी उजवा खांदा चोळायची, "पहाटेपासून कुस्करतेय, बाई गं, खांदा भरून आला," म्हणायची, आणि सगळं टेबल हळहळायचं.

टिलीने टोफू फडक्यात गुंडाळला, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवला आणि वर आजीचा बिडाचा तवा चढवला. ती वळली, तर तवा गायब.

"मक्याच्या पावाला लागतो तो," आजी म्हणाली.

टिलीने पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. ते काकूंनी वाटाणे उकडायला नेलं. तिने पिठाची पिशवी ठेवली. ती बाबांनी कुठेतरी नेली. का नेली ते त्यांनाही सांगता येईना.

"काय शोधतेयस गं?" दिवाणखान्यातून आजोबांनी हाक मारली. ते आरामखुर्चीत बसून मॅच बघत होते.

"वजन, आजोबा! काहीतरी जड. अर्धा तास कुणी हलवणार नाही असं."

आजोबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. मग टीव्हीकडे पाहिलं. "मॅच संपेपर्यंत मला कोण हलवतंय?" ते म्हणाले. "आण इकडे."

अशा रीतीने टोफू दोन फळ्यांसकट आणि वर एका जाड पिशवीसकट आरामखुर्चीत गेला आणि त्याच्यावर आर्मंड बुद्रो विराजमान झाले. लोक नातवंडांना मांडीवर घेतात. आजोबांनी नातीच्या टोफूला खाली घेतलं.

"आर्मंड, काय करतोयस?" आजी दारातून ओरडली.

"पोरीला मदत."

"चाळीस वर्षं मी म्हणतेय, घरात जरा हातभार लाव!"

"हात नाही, पण लावतोय ना!"

टोफू असा दाबला गेला की जगात कुठला दाबला गेला नसेल. आपल्या संघाने मुसंडी मारली की आजोबा उसळायचे आणि धप्पकन परत बसायचे. अर्ध्या तासाने टिलीने पिशवी काढली तर फडकं चिंब आणि टोफू असा घट्ट की तिला भरूनच आलं. तिने आजोबांच्या टकलाची पापी घेतली.

"आभार फेरीच्या वेळी मान," आजोबा म्हणाले. "सगळ्यांसमोर. तुझ्या आजीला ऐकू जाईल असं."

मग टिलीने कॉर्नफ्लोअरचा डबा उघडला. डब्यात डब्याचा तळ होता.

"अय्या, ते तुला हवं होतं?" जोॲन काकू म्हणाल्या. "ग्रेव्ही पातळ झाली होती गं. मग घातलं. मग घट्ट झाली म्हणून पाणी घातलं. मग पातळ झाली."

ग्रेव्ही आता गावजेवणाला पुरली असती. आणि सणाच्या दिवशी गावातलं एकुलतं एक दुकान बंद. टिली सगळी कपाटं उघडत सुटली. मैदा? मऊ पडतो. पावाचा चुरा? पाक ओढून घेतो. कपाटं संपली तशी ती मागच्या धुण्याच्या खोलीत शिरली, फळीवर चढली, साबणाच्या पावडरीचा भला मोठा खोका बाजूला सारला, आणि थबकली.

खोक्यामागे तयार बटाट्याच्या चुऱ्याची पाकिटं होती. रांगेने. 'फक्त गरम पाणी घाला, एका मिनिटात पिसासारखे हलके बटाटे.' दोन पाकिटं फोडलेली. आजच्या सकाळची.

मागे दार वाजलं. आजी आत उभी होती. तिने दार लावून घेतलं आणि पाठ टेकवली.

"काय पाहिलंस?"

टिलीने पाकिटांकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. आजीच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

"साबण," टिली म्हणाली.

आजीने श्वास सोडला. "शहाणी आहेस."

"आजी, मला या... साबणातली एक वाटी मिळेल?"

"कशाला?"

"टोफूला लावायला. कॉर्नफ्लोअर काकूंनी ग्रेव्हीत घातलं."

"जोॲनला ग्रेव्हीशी एकटं सोडायला नको होतं मी." आजीने एक पाकीट उचललं, क्षणभर विचार केला, आणि दुसरंही उचलून तिच्या हातात कोंबलं. "दोन घे. आणि ॲप्रनखालून ने. क्लेअरच्या नजरेला पडलं ना, तर ते माझ्या श्राद्धालाही निघेल."

टिलीने टोफू चुऱ्यात घोळवला. प्रत्येक तुकड्याला असा खरबरीत, फुलारलेला अंगरखा चढला की कॉर्नफ्लोअरने लाजावं. आता फक्त बटण दाबायचं. ओट्यावर एकच मोकळा प्लग होता. तिने एअर फ्रायर लावला. त्याच क्षणी शेजारच्या प्लगवर लायनेल काकांनी, नुसतं बघायला म्हणून, विजेची सुरी सुरू केली.

खट्ट.

दिवे गेले, पंखा गेला, जेवण गरम ठेवायचा डबा गेला, आणि दिवाणखान्यातून किंकाळी आली, "अरे, तो पळत होता! मोकळा पळत होता तो!"

"कुणी केलं हे?" आजीने विचारलं.

लायनेल काकांनी सुरी पाठीमागे लपवली. सगळ्यांनी एअर फ्रायरकडे पाहिलं. बिचारा घरात नवीन होता. नव्या सुनेवर फुटतं तसं सगळं खापर त्याच्यावर फुटलं.

"ते यंत्र माझ्या स्वयंपाकघरातून बाहेर!" आजी गरजली, आणि मग टिलीच्या ॲप्रनला आलेला फुगवटा आठवून जरा खालच्या पट्टीत म्हणाली, "म्हणजे... पडवीत लाव, बाळ. तिथे आहे एक प्लग."

बाबांनी फ्यूज पुन्हा चढवला. पडवीतला प्लग आजोबांनी नाताळच्या दिव्यांसाठी स्वतः बसवलेला होता. म्हणूनच आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. पण टिलीपुढे दुसरा मार्ग नव्हता. तिने डोळे मिटून पिन आत घातली. एअर फ्रायर गुरगुरला. आणि अशा रीतीने मोठ्या टेबलावर जायला निघालेला टोफू येऊन पोचला तो थेट घडीच्या टेबलावर, गसच्या दुधाच्या पेल्याशेजारी.

"हे काय आहे?" गसची बहीण पर्लने विचारलं. पर्ल सात वर्षांची होती आणि जन्मापासून फक्त लोणी लावलेल्या पावावर जगत होती.

"मोठ्यांचं आहे. हात लावायचा नाही."

"मग लहानांच्या टेबलावर का आहे?"

तेवढ्यात आजीने घंटा वाजवली.

बुद्रोंकडे जेवणाआधी आभाराची फेरी असते. प्रत्येकाच्या ताटाशी मक्याचे पाच सुके दाणे. एकेक दाणा मधल्या वाडग्यात टाकायचा आणि एकेका गोष्टीबद्दल आभार मानायचे. शेवटच्या माणसाचा शेवटचा दाणा पडेपर्यंत मोठ्या टेबलावर कुणी काट्याला हात लावायचा नाही, नवा पदार्थ टेबलावर यायचा नाही. पोरांची फेरी आधी उरकून त्यांना पडवीत जेवायला सोडून देतात, कारण एका वर्षी गसने वाट बघून बघून दाणेच खाल्ले होते.

टिलीने मनाशी हिशेब मांडला होता. फेरी संपता संपता टोफू बाहेर काढायचा, धावत नेऊन टेबलावर ठेवायचा. फक्त तिच्या हिशेबात लायनेल काका धरलेले नव्हते. म्हणजे धरले होते, पण माणसासारखे धरले होते.

गसने आई, बाबा, आणि तीन वेळा ट्रॅक्टरचे आभार मानले. पर्लने लोण्याचे मानले. मग टिली. तिचा एक कान पडवीकडे.

"आजोबांच्या वजनाबद्दल आभार," ती भरभर म्हणाली. आजोबांनी आजीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "पडवीतल्या प्लगबद्दल आभार. आईबाबांनी एवढ्या वेळा टोफू खाल्ला त्याबद्दल आभार. क्लेअर घरी आलीये त्याबद्दल आभार, केकसकट. आणि बटाट..."

आजीच्या हातातला चमचा पडला.

"...आणि बाकी सगळ्याबद्दल!" टिलीने पाचवा दाणा टाकला आणि पडवीकडे धूम ठोकली.

लायनेल काकांनी डोळे मिटले. ते आयुष्यभर विमा विकत होते, आणि माणूस मध्येच उठून जाऊ नये असं बोलायची त्यांना सवय होती. "माझा पहिला दाणा," ते म्हणाले, "माझ्या पित्ताशयासाठी. जे आता माझ्याजवळ नाही."

पडवीत टोफू सोनेरी झाला होता. टिलीने पाक ओतला, हलवला, पुन्हा आत सरकवला. लसणीचा आणि मेपलचा वास असा दरवळला की पर्लने पाव खाली ठेवला. तिकडे काका अजून पहिल्याच दाण्यावर, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये जागा शोधत होते.

टिंग.

टिलीने झाकण काढलं. असा टोफू तिलाही कधी जमला नव्हता! तांबूस, तकतकीत, कडांना बटाट्याची जाळीदार कुरकुर. तिने तो सगळा निळ्या ताटलीत ओतला आणि दारात जाऊन उभी राहिली. आजीने नुसत्या भुवईने तिला थांबवलं.

"...तेव्हा ते डॉक्टर मला म्हणाले, मिस्टर बुद्रो, असा खडा मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नाही," काका सांगत होते. "तर त्या खड्याबद्दलही आभार. पण तो दुसरा दाणा."

ताटलीतून वाफ निघत होती. टिलीला ती वाफ दिसत नव्हती, आपली खुर्ची हवेत विरताना दिसत होती. काकांचे तीन दाणे बाकी. मग काकू, आई, बाबा, क्लेअर, आजोबा, आजी. तोवर टोफूचा मोजा! ओला मोजा! आणि मोठ्या टेबलावर मोजा ठेवला की पुढच्या वर्षी पुन्हा पडवी, पुन्हा गुडघे, आणि क्लेअरला बोलायला आणखी पाच वर्षांचा मालमसाला.

"टिली," मागून गसने तिचा ॲप्रन ओढला. "भूक लागलीये."

"तुझं ताट आहे ना वाढलेलं."

"ते गार झालंय. हे गरम आहे." आणि तिने काही म्हणायच्या आत त्याने एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

कुर्रम!

त्या शांत घरात तो आवाज असा घुमला की मोठ्या टेबलावरची सगळी डोकी वळली. काकांनी डोळे उघडले नाहीत. "तिसरा दाणा," ते म्हणाले, "रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांसाठी."

गस चघळत उभा राहिला. त्याचे डोळे मोठे झाले, हनुवटीवरून पाक ओघळला. तो पर्लकडे वळून अगदी हळू म्हणाला, "पर्ल. हे बघ." आणि पर्लने, लोणी-पावाच्या पर्लने, हात पुढे केला.

टिलीने एकदा मोठ्या टेबलाकडे पाहिलं. तिची खुर्ची तिथे होती, आजीच्या शेजारची, भिंतीला टेकवलेली. मग तिने पर्लच्या पसरलेल्या तळव्याकडे पाहिलं. टोफू काही खुर्चीसाठी केलेला नसतो. तो दातांसाठी केलेला असतो, आणि दात इथे होते, आत्ता, दोन ओळी दुधाचे.

"जाऊ दे तिकडे," ती म्हणाली, आणि घडीच्या टेबलापाशी बसली. टेबल उचललं गेलं. गसने पेला आधीच वर धरला होता. तिने ताटली मधोमध ठेवली. "घ्या रे. पटापट घ्या. हा कुणासाठी थांबत नाही."

कुर्रम. कुर्रम. कुर्रम. पर्लने चौथा तुकडा घेतला तेव्हा टिलीला रडू येईल की हसू, ते तिचं तिलाच कळेना. मग तिनेही एक तोंडात टाकला, आणि तो प्रश्न मिटला.

दोन मिनिटांनी दारात आजोबा उभे होते.

"तो प्लग जरा बघून येतो म्हटलं," ते कुजबुजले. "मी बसवलेला आहे, भरवसा नाही." त्यांनी प्लगकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडा उचलला, कुर्रम केलं, आणि खेळण्यांचा खोका ओढून त्यावर बसले. "हा माझाच टोफू ना?"

"तुमचाच, आजोबा. तुमच्याशिवाय झालाच नसता."

मग बाबा आले. "आजोबा कुठे गेले ते बघायला पाठवलंय मला." त्यांना आजोबा दिसले, पण ते काही परत गेले नाहीत. मग आई, "बाबा कुठे गेले ते बघायला." मग जोॲन काकू कसलीच सबब न सांगता आल्या. "पित्ताशय मी प्रत्यक्ष पाहिलंय," एवढंच म्हणाल्या आणि गसला मांडीवर घेऊन त्याची जागा बळकावली.

सगळ्यात शेवटी क्लेअर. ती दाराला टेकून उभी राहिली. "मी फक्त बघायला आलेय."

"बघ की," टिली म्हणाली आणि एक तुकडा पुढे केला.

कुर्रम. क्लेअरने बोटावरचा पाक चाटला. "बरा आहे," ती म्हणाली. मग तिने आणखी दोन उचलले. "बरा आहे गं, टिले. वीट तर अजिबात नाही."

आत लायनेल काकांनी पाचवा दाणा वाडग्यात टाकला. "आणि शेवटी, माझ्या कुटुंबासाठी, जे आज सगळं इथे माझ्याभोवती बसलंय." त्यांनी भरल्या डोळ्यांनी पापण्या उघडल्या. टेबलावर एक टर्की होती आणि एक आजी होती.

"आमेन," आजी उठत म्हणाली. "चल."

दोघं पडवीत आली तेव्हा ताटलीत दोनच तुकडे उरले होते. टिलीने ते त्यांच्यासाठी आजोबांपासून जिवावर उदार होऊन राखले होते. काकांनी एक खाल्ला आणि त्यांना पहिल्यांदाच बोलायला शब्द सुचेना. आजीने दुसरा उचलला, उजेडात फिरवून पाहिला, आणि सावकाश चावला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"एवढा कुरकुरीत कसा गं होतो?" काकूंनी विचारलं. "लावलंयस काय?"

आजीचं चावणं थांबलं.

"काही नाही हो, काकू," टिली निरागसपणे म्हणाली. "आजीच्या बटाट्यांसारखंच आहे ते. सगळं मनगटाचं काम."

आजीला ठसका लागला. गसने तिला आपलं दूध दिलं. ते पिऊन झाल्यावर आजीने ॲप्रनच्या खिशातून आपले पाच दाणे काढले आणि पाचही टिलीच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली.

"माझे सगळे एकदमच," आजी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "ज्या नातीला काय बोलायचं ते कळतं आणि काय नाही बोलायचं ते त्याहून चांगलं कळतं, तिच्याबद्दल."

"किती छान बोललात," आई डोळे पुसत म्हणाली.

आजीने निळी ताटली उचलली, उलटी करून सगळ्यांना दाखवली. एक थेंब पडला नाही. "टिली, ओढ खुर्ची."

"आजी!" उलट्या बादलीवर बसलेली क्लेअर ताडकन अर्धी उठत म्हणाली. "नियम मोठ्या टेबलाचा आहे! ही तर लहानांच्या टेबलावर संपली!"

"मोठी माणसं बसतात ते मोठं टेबल," आजी म्हणाली. "आता बस खाली, क्लेअर, तू त्या बादलीवरून पडशील."

टिली उड्या मारतच आत गेली. भिंतीला टेकवलेली खुर्ची तिने ओढली आणि मोठ्या टेबलापाशी बसली. अहाहा! खुर्चीला पाठ होती. गुडघ्यांना जागा होती. तिने पाय लांब केले, ते कशालाच लागले नाहीत. मोठी माणसं काय बोलतात याचा तिने वर्षभर सराव केला होता, म्हणून ती टर्कीकडे वळून म्हणाली, "यंदा थंडी लवकरच पडली, नाही?"

टर्कीने काही मत दिलं नाही.

पडवीतून हशा उसळला. लायनेल काका एअर फ्रायरची बटणं दाबत होते, आजोबा "अरे, ते नाही, ते नाही!" ओरडत होते आणि पर्ल कुणाला तरी टोफू कसा चावायचा ते शिकवत होती. टिलीने आणखी क्षणभर आपल्या खुर्चीत ऐसपैस बसून घेतलं, कारण सोळा वर्षं वाट पाहिली होती. मग ती उठली, एका हाताने खुर्ची उचलली, दुसऱ्या हाताने बटाट्यांचा वाडगा काखोटीला मारला आणि पडवीकडे निघाली.

दारात थांबून तिने वाडगा टेबलावर ठेवला आणि उजवा खांदा चोळला.

"बाई गं," ती म्हणाली. "खांदा भरून आला."

सगळे हसले. आजी हसली नाही. तिने आपलं स्टूल इंचभर सरकवलं आणि शेजारच्या जागेवर थाप मारली. "इथे ठेव खुर्ची. माझ्याजवळ."

टिली बसली. टेबल उचललं गेलं. गसने पेला केव्हाच वर धरला होता, आणि या वेळी त्याच्याबरोबर आजीनेही आपला कप उचलून धरला.